संगणकाची घरघर आणि सासूबाईंची झोप

आमच्या मुरुडला रात्री दहानंतर तसं सामसूम असतं. लातूर-बार्शी रस्त्यावरून एखादा ट्रक गेला तर तेवढाच आवाज. पण गेल्या वर्षी आमच्या घरात मात्र मध्यरात्रीपर्यंत गिरणी चालायची! लेक बारावीला. रात्री संगणकावर तिचा अभ्यास आणि त्याच खोलीत सासूबाईंची खाट. "अगं, ती गिरणी बंद कर की, डोळ्याला डोळा लागंना," असं त्या म्हणायच्या. लेक म्हणायची, "आजी, थोडंच राहिलंय." दोघींचंही खरं होतं. मधल्यामधे मी!

मग मी एक शहाणपणा केला. टीव्हीला, मिक्सरला घालतो तसं क्रोशाचं झाकण विणलं, आवाज दबावा म्हणून आतून जाड अस्तर लावलं आणि मागच्या जाळीसकट सगळा डबा झाकून टाकला. पाच-दहा मिनिटं बरं वाटलं. मग आवाज दुप्पट झाला आणि सराव परीक्षा देता देता संगणक आपला आपणच बंद! लेक रडकुंडीला आली.

दम लागलेल्या माणसाचं नाकतोंड झाकावं, तसं झालं होतं ते. आतली चिप काम करताना तापते. तिच्यावर धातूच्या पातळ पट्ट्या आणि वर पंखा असतो. उष्णता वाढली की पंखा जोरात फिरतो आणि फारच वाढली तर चिप करपू नये म्हणून यंत्र बंद पडतं. म्हणजे आवाज कमी करायचा तर आधी उष्णता कमी करायला हवी.

दिरांनी डबा उघडला आणि बघतो तर काय, पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा धुळीचा थर! सोयाबीनच्या मळणीचा भुसा सुद्धा त्यात होता. डबा जमिनीवर, आणि मी रोज त्याच्या शेजारीच केरसुणी मारणारी. दुसरं काय होणार?

तुम्हालाही हे करता येईल, बरं का. प्लग काढून चालू करायचं बटण एकदा दाबा, डबा अंगणात न्या, आधी त्याच्या लोखंडी भागाला हात लावा. मग रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशनं धूळ झाडा. पाती बोटानं धरून ठेवा, गरगरू देऊ नका. ओलं फडकं नको. आणि वीजपुरवठ्याची चौकोनी पेटी मुळीच उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते. चिप आणि पट्ट्यांमधली पेस्ट काही वर्षांत वाळते. ती मात्र जाणकाराकडूनच बदलून घ्यावी.

धूळ काढूनही घरघर राहिली तर पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलेलं असू शकतं. साध्या पंख्याच्या मधल्या स्टिकरखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल तेल नको, ते थंडीत गोठतं आणि चिकटा धरतं. तेलानं महिना-दोन महिने निभावतं, पुढे पंखाच बदलावा. डब्यात जागा असेल तर 80 ऐवजी 120 मिलिमीटरचा घ्या. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो आणि हळू फिरणारा पंखा ओरडत नाही.

आमची निम्मी घरघर तर पंख्याची नव्हतीच! डबा पत्र्याच्या टेबलावर ठेवला, तर टेबलच गुणगुणू लागलं. जुन्या स्लिपरच्या रबराचे चार तुकडे खाली घातले आणि ते थांबलं. कटकट आवाज हार्ड डिस्कचा होता. तिच्यातली तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे फिरते. तिच्याजागी एसएसडी बसवली तर आत फिरायला काही नसतंच. खर्च आहे, पण यंत्र चपळ होतं आणि लेकीचा वेळही वाचतो. दिवाळीच्या पैशातून आम्ही तेवढं केलं.

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा पंखा थोडा बोलणारच. डबा खिडकीच्या उन्हातून काढला, भिंतीपासून वीतभर पुढे घेतला आणि जड काम पहाटेवर ढकललं.

क्रोशाचं झाकण मी उसवलं नाही. यंत्र बंद करून गार झालं की घालते. पहाटे लेक आधी ते काढते, घडी करून आजीच्या उशाशी ठेवते आणि मग बटण दाबते.