बर्फावर अंथरलेली तार

अंटार्क्टिकातल्या वोल्थाटच्या डोंगरात भूवैज्ञानिकांचा तंबू उभा राहिला की चहाच्या आधी तार. ही एचएफ सेटची अँटेना. 5 मेगाहर्ट्झवर बोलायचं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 28 मीटर, मधोमध सेटकडे जाणारी केबल. खांब रोवायला सवड नसेल तर ती सरळ बर्फावर टाकतात. जाड, कोरड्या बर्फातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून आपल्याकडच्या ओल्या मातीत जिरून जाणारा सिग्नल तिथे टिकतो. सैन्यात सेट सांभाळून आलेल्या माझ्यासारख्या सावरगावच्या माणसाला जमिनीवर लोळणारी अँटेना बघून कसंसंच व्हायचं.

हातातला व्हीएचएफ सेट डोंगराआड गेला की मुका. आमच्याकडे गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या, दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरच्या बंदोबस्ताला तो पुरतो, कारण पलीकडचं पांढुर्णा समोरच दिसतं. अंटार्क्टिकात मधे डोंगर. एचएफची लाट मात्र बसक्या तारेतून वर जाते, आयनोस्फिअर या वातावरणातल्या उंच थरावरून परतते आणि डोंगरापलीकडे उतरते.

गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राशी ‘मैत्री’ या आपल्या भारतीय स्टेशनचं बोलणं उपग्रहावरून होतं. रेडिओचं खरं काम त्याच्या अलीकडचं, स्टेशन ते तंबू. ठरल्या वेळी ‘मैत्री’तून हाक जायची. छावणीने सांगायचं: माणसं, तब्येत, वारा, उद्याचा बेत. बोलणं हिंदीत; आकडे इंग्रजीत, सुटे सुटे, दोनदा. वाऱ्याने भुरभुरता बर्फ तारेवर घासला की तिच्यात विद्युतभार साठतो. कानात नुसती खरखर आणि उघड्या बोटाला झटका. बॅटऱ्या जाकिटाच्या आत, छातीशी; बाहेर ठेवल्या की बसल्याच. सूर्यावर वादळ झालं तर सेट ठणठणीत असूनही आयनोस्फिअर लाटाच गिळतो. म्हणून किती हाका हुकल्या की शोधाला निघायचं, हे छावणी सुटण्याआधीच ठरलेलं असतं.

सॅटेलाइट फोन असताना ही कटकट कशाला, असं लोक विचारतात. फोनवर एकाचं एकालाच कळतं. ‘मैत्री’चं डिझेल जहाजावरून उतरवून साधारण शंभर किलोमीटर बर्फावरून ओढत आणावं लागतं. त्या ताफ्यातल्या पुढच्या गाडीवाल्याला बर्फात भेग दिसली तर ती मागच्या प्रत्येकाला त्याच क्षणी कळायला हवी. नंबर लावत बसायला वेळ कुणाला? म्हणून चॅनल सगळ्यांचा एकच आणि बोलणं आखूड. जेवणानंतर गप्पांना मुभा असायची, पण कुणी ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणालं की गोष्ट कितीही रंगात आलेली असो, बटणावरचा अंगठा काढायचा.