रजिस्टर मिटलं, टॅब्लेट उघडला

घिवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात गरोदर बाईची तपासणी म्हणजे एएनएम ताईंना, म्हणजे आरोग्यसेविकेला, दुहेरी काम: बाईला तपासायचं आणि आकडेही नोंदवायचे. पूर्वी त्यासाठी जाडजूड रजिस्टरं असत. २०१६ मध्ये ‘अनमोल’ हे टॅब्लेटवरचं ॲप आलं. रेंज नसली तरी त्यात माहिती भरता येते. नेटवर्क मिळालं की ती सरकारी पोर्टलवर जाते.

नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्सचं, म्हणजे परिचर्या आणि संगणकीय माहिती यांची सांगड घालण्याचं, काम इथेच सुरू होतं. हिमोग्लोबिन ९.५ ऐवजी ९५ टाइप झालं, तर फॉर्मने ते अडवायला हवं. ७ पेक्षा कमी भरलं, तर तीव्र रक्तक्षय म्हणून ती बाई लगेच जोखमीच्या यादीत यायला हवी. कोणता रकाना कुठे हवा, हे रात्रपाळ्या केलेल्या परिचारिकेला प्रोग्रामरपेक्षा नेमकं कळतं.

अमेरिकेत १९९२ मध्येच नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स ही नर्सिंगची विशेष शाखा मानली गेली. आपल्याकडे मोहालीच्या सी-डॅकने घडवलेली ‘ई-संजीवनी’ ही दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सेवा आणि आरोग्य-ओळखीचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक यांमुळे अशा जाणकारांची गरज वाढली आहे.

जीएनएम पदविका किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर रुग्णालयात संगणकप्रणाली बसवताना मदत करणं, कर्मचाऱ्यांना ती शिकवणं, नोंदी तपासणं अशी कामं करता येतात. एक्सेल आणि डेटाबेसची तोंडओळख असेल, तर सुरुवात सोपी जाते.