यकृताचा कडकपणा गणिताने कसा काढतात?



मागच्या महिन्यात माझ्या मामांची फायब्रोस्कॅन तपासणी झाली. रिपोर्टवर आकडा होता ९.६ किलोपास्कल. मामी घाबरून म्हणाली, "तू गणित शिकवतेस ना? मग सांग, हा आकडा आला कुठून?"

खरं तर यकृताचा कडकपणा कुणी थेट मोजलेला नसतो. तो गणिताने काढलेला अंदाज असतो. कसा, ते पाहूया.

१) चौकटीतली संख्या शोधा

आपण मुलांना □ × ४ = १२ असं उदाहरण देतो. उत्तर दिसतंय, चौकट भरायची. इथे चौकटीत आहे यकृताचा कडकपणा आणि दिसतो तो लहरीचा वेग. यंत्र बरगड्यांच्या मधे त्वचेला हलका ठोका देतं. त्याची लहर आत सरकते आणि तिचा वेग अल्ट्रासाउंडने टिपतात. भाग जितका कडक, तितकी लहर जलद.

कडकपणा = ३ × घनता × वेग × वेग

घनता पाण्याएवढी, म्हणजे १००० किलो प्रति घनमीटर धरतात. वेग सेकंदाला १.३ मीटर असेल तर ३ × १००० × १.६९ = ५०७० पास्कल, म्हणजे सुमारे ५ किलोपास्कल. वेग २ मीटर असेल तर १२ किलोपास्कल! वेग जेमतेम दीडपट झाला, पण कडकपणा दुपटीच्या वर गेला. म्हणजे वेग मोजताना झालेली छोटी चूकही उत्तरात मोठी होते.

२) शरीर इतकं सरळ नसतं

या सूत्रात यकृत सगळीकडे सारखंच आहे असं गृहीत धरलंय. शिवाय कडकपणा एकच, न बदलणारा मानलाय. आता हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून हळूच ओढा. आधी सहज येते, मग अडते ना? ताण वाढला की कडकपणाही वाढतो. वाय. सी. फंग यांनी १९६७ मध्ये यासाठी घातांकी सूत्र मांडलं. त्यात दोन संख्या शोधाव्या लागतात. दोन चौकटी भरायला एक वाचन पुरत नाही. म्हणून बरीच वाचनं घेतात आणि सगळ्यांशी मिळून कमीत कमी फरक पडेल अशी जोडी निवडतात.

३) मामांचं काय झालं?

फायब्रोस्कॅनमध्ये साधारण १० वाचनं घेऊन त्यांचा मध्यक देतात. एखादं वाचन चुकलं तरी मध्यक फारसा हलत नाही. पण दहाही वाचनं एकाच कारणाने वाढली असतील तर मध्यक काय करणार? जेवल्यावर यकृताकडे रक्त जास्त जातं आणि आकडा वाढतो. म्हणून किमान ३ तास उपाशी राहायला सांगतात. मामा तर पोहे खाऊन गेले होते! डॉक्टरांनी उपाशीपोटी पुन्हा तपासलं, आकडा आला ६.८. बाकी तपासण्या बघून पुढचं ते ठरवतील, पण मामीला त्या रात्री झोप लागली.

मुलांना एवढं जरूर सांगा : उत्तर आलं की आधी विचारायचं, आपण काय मोजलं आणि काय गृहीत धरलं?