बैठकीचा प्रश्न

सेकंड इयरच्या ओरल्सना मी उभा राहून उत्तरं दिली. सरांनी दोनदा "अरे बस की" म्हटलं, दोनदा मी "नको सर, ठीक आहे" म्हटलं. तिसऱ्यांदा खरं सांगावं लागलं. एक्स्टर्नल हसले, इंटर्नल हसले नाहीत. पुढे महिनाभर होस्टेलवर माझं नाव काय पडलं ते इथे छापता येणार नाही. खरं तर या लेखात हवा असलेला मुख्य शब्दच छापता येणार नाही असं संपादक मंडळाने बजावलंय, म्हणून मी सगळीकडे 'बैठक' म्हणणार आहे. समजून घ्या.

झालं होतं असं. आम्ही चौघांनी पुणे ते वाई सायकलने जायचं ठरवलं. जुना कात्रज घाट, मग खंबाटकी, एकूण ९० किलोमीटरच्या आसपास. याआधी माझी सर्वांत लांब राईड म्हणजे होस्टेल ते स्टेशन. सायकल सीनियरची, उंची त्याच्या मापाची, अंगात माझी नेहमीची जीन्स. शिरवळपर्यंत मजा आली. खंबाटकी चढताना बैठकीखाली कुणीतरी सँडपेपर लावल्यासारखं वाटायला लागलं आणि वाईत उतरलो तेव्हा मी गणपतीच्या घाटावर पायऱ्या असूनही उभाच होतो.

आता इंजिनिअरिंगची मुलं म्हणून हे जरा नीट बघू. सायकलवर बसल्यावर वजनाचा मोठा भाग सीटवर येतो, आणि तो पेलायला असतात बैठकीची दोन हाडं. क्षेत्रफळ कमी म्हणजे दाब जास्त, हे आठवीतलं सूत्र. त्यात पाय हलतोय. मिनिटाला ७० पॅडल धरले तर सहा तासांत २५,२०० फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला मांडीची आतली बाजू सीटला थोडी का होईना घासते. वर घाम. ओली कातडी मऊ पडते आणि कोरडीपेक्षा लवकर सोलवटते. सोलवटलेल्या जागेतून किंवा केसाच्या मुळातून जंतू आत शिरले की पुळी येते, पुळीचं केसतूड होतं, आणि दुर्लक्ष केलं तर गळू. म्हणजे दाब, घर्षण आणि ओल असे तीन आरोपी आहेत, आणि पुढचे सगळे उपाय यांपैकी कुणाला तरी पकडण्यासाठीच आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज मऊ सीटचा. परत आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर जेलचं गुबगुबीत कव्हर आणलं. अर्ध्या तासाच्या फेरीला ते छान वाटतं. पण लांब पल्ल्यावर हाडं त्यात रुततात, मधला भाग फुगून वर येतो आणि दाब हाडांऐवजी मधल्या नाजूक जागेवर जातो. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. राईडमध्ये तो भाग बधिर होत असेल तर ती सवय नाही, ती सूचना आहे. लगेच उभं राहा, सीट तपासा. राईड संपल्यावरही बधिरपणा राहिला तर लाज सोडून डॉक्टरांकडे जा.

सीट मऊ असण्यापेक्षा योग्य रुंदीची असणं महत्त्वाचं. रुंदी मोजायची युक्ती फुकट आहे. मेसमागे पडलेल्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, टणक स्टुलावर ठेवा, त्यावर जरा पुढे वाकून मिनिटभर बसा. दोन खळगे पडतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात साधारण २ ते ३ सेंटिमीटर मिळवा, तेवढ्या रुंदीची सीट बघा. मुलींमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असतं, त्यामुळे भावाची सायकल तशीच्या तशी वापरणाऱ्यांनी हे जरूर करावं.

मग उंची. सीट फार उंच असेल तर पॅडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे डुलते, आणि डुलणं म्हणजे घासणं. माझं हेच झालं होतं. सोपी चाचणी अशी: मित्राला सायकल धरायला सांगा, सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हावा. आकडा हवा असेल तर पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३, हे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. पाय ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६. ही पद्धत ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने ओळखली जाते. सीटचं नाकही बघा. वर उचललेलं असेल तर मधे टोचतं, फार खाली असेल तर माणूस पुढे घसरत राहतो आणि मनगटं दुखतात. स्पिरिट लेव्हल ठेवून सपाट करा, मग गरजेप्रमाणे एखाद्या अंशाचा फरक.

लेमाँडचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ त्याच्यापुढे ५० सेकंदांनी होता. फक्त २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल उरली होती. पण फिन्याँला नेमकं हेच बैठकीचं दुखणं झालं होतं, आदल्या रात्री झोपही धड लागली नाही. ३,००० किलोमीटरहून जास्त अंतराची ती शर्यत तो ८ सेकंदांनी हरला. लेमाँडच्या वेगळ्या हँडलचाही त्यात वाटा मानतात, पण माझी सहानुभूती कुठे आहे ते सांगायला नको.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स बाद. तिची जाड शिवण नेमकी नको तिथे येते. पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट्स घ्यावी आणि तिच्या आत काहीही घालू नये. हे ऐकून सगळे दचकतात, पण आतल्या कपड्याची शिवण आणि ओलं सुती कापड हाच तर त्रास असतो. निघताना घासणाऱ्या जागी व्हॅसलीन चोळा. पावडर नको, घामाने तिचे गोळे होतात. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट पॅडलवर उभे राहा. गतिरोधक आले की तर राहाच.

खरी चूक बहुतेक जण राईडनंतर करतात. त्याच ओल्या शॉर्ट्सवर चहा, मग गप्पा, मग कॅरम. आल्याआल्या कपडे बदला, साबणाने आंघोळ, नीट कोरडं करा, मग सैल काहीतरी घाला. शॉर्ट्स प्रत्येक वेळी धुवायची आणि उलटी करून उन्हात वाळवायची. पावसाळ्यात आपल्या व्हरांड्यातल्या दोरीवर काहीच वाळत नाही हे मान्य, पण दमट शॉर्ट्स पुन्हा घालण्यापेक्षा राईड बुडवलेली बरी.

आणि झालंच तर? नुसतं सोलवटलं असेल तर दोन-तीन दिवस सायकल बंद, जागा स्वच्छ आणि कोरडी, वर झिंक ऑक्साइडचं साधं मलम. लहान बाळांना लंगोटाच्या रॅशसाठी लावतात तेच. पुळी असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ रुमालाने दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं शेक. फोडायची नाही. माझ्या रूम पार्टनरने सेफ्टी पिन लायटरवर धरून "निर्जंतुक" केली आणि मी त्याला फोडू दिली. वर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून न विचारता एक क्रीम आणलं. नंतर डॉक्टरांनी ट्यूब बघून सांगितलं की त्यात स्टिरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली दबते, आपल्याला वाटतं बरं होतंय, आणि आत संसर्ग वाढत राहतो. जांघेतल्या गजकर्णावर हीच क्रीमं लावून आपल्या होस्टेलमध्ये किती जण महिनोन्‌महिने खाजवतायत ते मला माहीत आहे, नावं घेत नाही.

गाठ मोठी होत असेल, आजूबाजूची लाली पसरत असेल, ताप आला, किंवा दोन-तीन दिवस शेकूनही उतार नसेल तर थेट डॉक्टर. मी पाचव्या दिवशी गेलो. त्यांनी भूल देऊन चीर दिली, पू काढला, रोज ड्रेसिंग. ओरल्स त्याच आठवड्यात आल्या.

पुन्हा सायकलवर बसलो ते जखम पूर्ण भरल्यावर. पहिल्या आठवड्यात १० किलोमीटर, मग २०, मग ३५, मधे एक दिवस सोडून. कातडीलाही सवय व्हायला वेळ लागतो. यंदा जानेवारीत तेच वाई केलं आणि तिथे पायरीवर बसून मिसळ खाल्ली. पुठ्ठा आणि स्पिरिट लेव्हल माझ्या रूमवर आहे, कुणालाही मिळेल. पुठ्ठा मात्र ज्याचा त्याने आणावा.