तेलाचे इंधन करणारे उत्प्रेरक

इ. स. १९०० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक लहानसे डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. ते इतके सुरळीत चालले की, इंधन बदललेले आहे हे फारच थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आले, असे एंजिनाचा जनक रूडोल्फ डीझेल याने पुढे नमूद केले आहे. मग मोटारीच्या टाकीत सरळ गोडे तेल का ओतीत नाहीत? ह्याचे कारण तेलाचा दाटपणा हे होय. वनस्पतिज तेल खनिज डीझेलपेक्षा सुमारे दसपट दाट असते. एंजिनात इंधनाचा सूक्ष्म तुषार उडावा लागतो. दाट तेलाचे थेंब मोठे पडतात, ते पुरते जळत नाहीत आणि कालांतराने यंत्राच्या भागांवर काजळीचे थर साचतात. म्हणून तेलाची रचनाच पालटावी लागते.

रेणूची फोड

तेलाच्या रेणूत ग्लिसरिनाच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जडलेल्या असतात. ह्या साखळ्या कण्यापासून सोडवून मेथिल अल्कोहोलाच्या एकेका रेणूस जोडल्या, म्हणजे एका अवजड रेणूचे तीन लहान रेणू होतात. ह्या पातळ द्रवासच जैव डीझेल म्हणतात. १०० किलोग्रॅम तेल व सुमारे ११ किलोग्रॅम मेथिल अल्कोहोल ह्यांपासून जवळजवळ १०० किलोग्रॅम जैव डीझेल मिळते. उरलेले ग्लिसरीन जड असल्यामुळे तळाशी बसते. ब्रुसेल्स विद्यापीठातील जी. शाव्हान यांनी अशा पद्धतीचे पेटंट १९३७ मध्ये मिळविले. पुढील वर्षी पामतेलापासून, एथिल अल्कोहोल वापरून केलेल्या अशाच इंधनावर ब्रुसेल्स व लूव्हाँ ह्या शहरांच्या दरम्यान प्रवासी बस धावली.

उत्प्रेरकाचे कार्य

तेल व अल्कोहोल एका भांड्यात नुसती ठेवली, तर ती एकमेकांत नीट मिसळतदेखील नाहीत आणि विक्रिया जवळजवळ होतच नाही. तिला चालना देण्यासाठी तिसरा पदार्थ लागतो. स्वतः खर्ची न पडता विक्रियेची गती वाढविणाऱ्या अशा पदार्थांच्या कार्यास बर्झीलियस ह्या स्वीडिश रसायनज्ञाने १८३५ मध्ये नाव दिले. मराठीत त्यांना उत्प्रेरक म्हणतात. डोंगर चढून पलीकडे जाणाऱ्या वाटसरूस मधली खिंड दाखवून द्यावी, तसे हे कार्य आहे. वाटसरू तोच आणि मुक्कामही तोच. चढ मात्र कमी होतो.

जैव डीझेलसाठी कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश हे उत्प्रेरक प्रचारात आहेत. तेलाच्या वजनाच्या शेकडा १ इतका अल्कली पुरतो. तो अल्कोहोलाच्या रेणूतून हायड्रोजनचा कण काढून घेतो आणि मागे राहिलेला मेथॉक्साइड आयन साखळी व कणा ह्यांच्या जोडावर हल्ला चढवितो. जोड तुटल्यावर नवा मेथॉक्साइड आयन तयार होऊन तेच काम पुढे चालू राहते. सुमारे ६० अंश सेल्सिअस तपमानास तासाभरात बहुतेक तेलाचे रूपांतर होते. ही विक्रिया उलट दिशेनेही जाऊ शकते. म्हणून अल्कोहोल आवश्यकतेच्या दुप्पट घेतात.

साबणाची अडचण

अल्कलीची एक अट आहे : तेल शुद्ध व कोरडे हवे. कढईत भजी-वडे वारंवार तळले म्हणजे पदार्थांतील पाण्याच्या वाफेने तेलाचे रेणू फुटतात आणि मेदाम्ले सुटी होतात. करंज व मोह ह्यांच्या तेलांतही सुटी मेदाम्ले पुष्कळ असू शकतात. त्यांचे प्रमाण शेकडा १ हून बरेच वाढले, तर अल्कली त्यांच्याशी संयोग पावून साबण बनतो. उत्प्रेरक वाया जातो, आणि साबणामुळे ग्लिसरीन व इंधन वेगळी होत नाहीत.

अशा वेळी गंधकाम्ल उपयोगी पडते. ते सुट्या मेदाम्लांचेही इंधन करते. परंतु तेलावरील त्याचे कार्य अल्कलीच्या मानाने हजारो पटींनी मंद असते. म्हणून काम दोन टप्प्यांत करतात : प्रथम अम्लाने सुटी मेदाम्ले संपवावयाची, तयार झालेले पाणी काढून टाकावयाचे, आणि मग अल्कली वापरावयाचा.

घन उत्प्रेरक

द्रवात विरघळलेला उत्प्रेरक शेवटी धुऊन काढावा लागतो आणि त्यात बरेच पाणी खर्च होते. न विरघळणारा घन उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो. कळीचा चुना हा त्यांतील स्वस्त प्रकार होय. अंड्यांची टरफले किंवा शिंपले उच्च तपमानास भाजूनही तो मिळतो. मात्र हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून तो निकामी होतो, आणि त्याचा काही अंश द्रवात उतरतो. फ्रान्समधील सेत येथे २००६ मध्ये जस्त व ॲल्युमिनियम ह्यांच्या ऑक्साइडांवर आधारलेल्या घन उत्प्रेरकाचा कारखाना सुरू झाला. परंतु ह्या पद्धतीस उच्च तपमान व दाब लागतो. लायपेज नावाची एंझाइमे सौम्य तपमानास कार्य करतात व साबण होऊ देत नाहीत. पण ती महाग असतात, आणि अल्कोहोल अधिक झाल्यास दुबळी होतात.

भारतापुढील प्रश्न

भारतास खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागते. त्यामुळे ताटातील तेल एंजिनात जाळणे परवडणारे नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डीझेलमध्ये शेकडा ५ जैव डीझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेविले आणि अखाद्य व वापरलेल्या तेलांवर भर दिला. त्याच वर्षी, तळून खराब झालेले तेल ठराविक मर्यादेपलीकडे खाण्यासाठी वापरू नये, असा नियमही अमलात आला. असे तेल स्वस्तात विकले जाऊन पुन्हा कुणाच्या कढईत पडले, तर ते आरोग्यास घातक ठरते. गटारात ओतले, तर ते नळ तुंबविते. त्याचे इंधन झाल्यास दोन्ही हानी टळतात. परंतु हे तेल हलक्या प्रतीचे असते. आणि हलक्या प्रतीच्या तेलावर न कुरकुरता काम करील, स्वस्त असेल व पुनःपुन्हा वापरता येईल, असा उत्प्रेरक शोधणे हाच ह्या संशोधनाचा गाभा आहे.