हिटलरच्या ‘आर्यां’मध्ये भारतीय होते कुठे?

ऑगस्ट २००६मध्ये नवी मुंबईत एक उपाहारगृह सुरू झाले. त्याच्या नावात हिटलर होता आणि भिंतीवर त्याचे चित्र. मुंबईतील ज्यू समाजाने निषेध नोंदवल्यानंतर मालकाने काही दिवसांतच नाव बदलले. पुढे २०१२मध्ये अहमदाबादेत कपड्यांच्या एका दुकानाला हेच नाव देण्यात आले आणि तेथेही वाद झाला. युरोपात जे नाव दुकानावर लावण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही, ते भारतात केवळ लक्ष वेधून घेणारे नाव म्हणून चालून जाते. शिस्तप्रिय शिक्षकांना किंवा घरातल्या कडक वडिलांना ‘हिटलर’ म्हणण्यात कोणाला काही गैर वाटत नाही. ‘माईन काम्फ’चे मराठीसह अनेक भारतीय भाषांतील अनुवाद पुस्तकांच्या दुकानांत राजरोस मिळतात. ‘देश सुधारायचा तर एखादा हिटलरच हवा’ हे वाक्यही अधूनमधून कानावर पडते.

मराठी वाचकाला हा इतिहास अपरिचित आहे, असे नाही. वि. ग. कानिटकरांनी हिटलरच्या कारकिर्दीवरील आपल्या ग्रंथाला ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ असे नाव दिले आणि त्या नावातच निवाडा केला. तरीही आकर्षण ओसरलेले नाही. या कौतुकामागे प्रामुख्याने तीन समजुती दिसतात. तो ब्रिटिशांचा शत्रू, म्हणून आपला मित्र होता. त्याने खचलेल्या राष्ट्राला शिस्त आणि वैभव दिले. आणि तो ज्या ‘आर्य’ वंशाचा अभिमान बाळगत होता, त्या वंशाशी आपलेही नाते आहे. या तिन्ही समजुती तपासून पाहिल्या, तर हाती काय उरते?

शत्रूचा शत्रू

परदेशी हुकूमशहांचे आकर्षण भारतात १९२०-३०च्या दशकांपासून आहे. पारतंत्र्यातील सुशिक्षितांना दुर्बलतेची लाज वाटत होती आणि इटली-जर्मनीचा झपाट्याने झालेला उदय डोळे दिपवणारा होता. डॉ. बा. शि. मुंजे यांनी मार्च १९३१मध्ये रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली, तेथील युवक संघटनांचे लष्करी प्रशिक्षण पाहिले आणि त्याची प्रशंसा केली. १९२६मध्ये मुसोलिनीच्या पाहुणचाराने रवींद्रनाथ ठाकूरही प्रारंभी प्रभावित झाले होते. मात्र इटलीबाहेर पडल्यावर रोमाँ रोलाँ यांच्याकडून आणि फॅसिझमच्या बळींकडून वस्तुस्थिती कळताच त्यांनी जाहीर पत्र लिहून त्या राजवटीचा धिक्कार केला. १९३६मध्ये रोममार्गे परतणाऱ्या जवाहरलाल नेहरूंनी मुसोलिनीचे भेटीचे निमंत्रण नाकारले. तेव्हा ‘त्या काळी हे कोणालाच ठाऊक नव्हते’ ही सबब टिकत नाही. ज्यांनी जाणून घ्यायचे ठरवले, त्यांना ते कळले.

हिटलरचे भारताविषयीचे मत तर कधीच गुप्त नव्हते. भारतात आवडीने विकत घेतल्या जाणाऱ्या त्याच्याच पुस्तकात ते लिहिलेले आहे. भारत इतर कोणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा ब्रिटिशांच्या अमलाखाली राहिलेला आपल्याला अधिक पसंत आहे, असे त्यात तो म्हणतो. युरोपात वावरणाऱ्या भारतीय स्वातंत्र्यवाद्यांची तो टर उडवतो. नोव्हेंबर १९३७मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटले. भारताचे माजी व्हाइसरॉय असलेल्या या पाहुण्याला हिटलरने सल्ला दिला, की गांधींना गोळी घाला. तेवढ्याने भागले नाही, तर काँग्रेसच्या आणखी नेत्यांना घाला. मूठभर गोरे अख्ख्या उपखंडावर राज्य करतात, याचे त्याला अपार कौतुक होते. ब्रिटनला जसा भारत, तसा जर्मनीला रशियाचा प्रदेश, असे त्याचे स्वप्न होते. म्हणजे भारताची गुलामगिरी ही त्याच्या लेखी अन्यायाची नव्हे, तर अनुकरणाची गोष्ट होती.

सुभाषबाबूंचा अनुभव

हिटलरच्या समर्थनार्थ हमखास सुभाषचंद्र बोस यांचे नाव घेतले जाते. प्रत्यक्षात सुभाषबाबूंनी मार्च १९३६मध्येच एका जर्मन परिचिताला पत्र लिहून नव्या जर्मन राष्ट्रवादाला संकुचित, स्वार्थी आणि उद्धट ठरवले होते. पुढे १९४१मध्ये ते बर्लिनला पोहोचले, ते परकीय सत्तेशी लढण्यासाठी मदत मिळवायला. भारतीय स्वातंत्र्याला पाठिंबा देणारी जाहीर घोषणा त्यांना जर्मनीकडून हवी होती. हिटलरची भेट मिळायलाच वर्षाहून अधिक काळ लागला. मे १९४२मध्ये झालेल्या त्या भेटीत सुभाषबाबूंनी ‘माईन काम्फ’मधील भारताविषयीच्या उल्लेखांचा विषय काढला. हिटलरने त्याला बगल दिली आणि हवी ती घोषणाही केली नाही. फेब्रुवारी १९४३मध्ये पाणबुडीतून सुभाषबाबू पूर्वेकडे निघाले. युद्धकैद्यांतून उभारलेली भारतीय तुकडी युरोपातच राहिली आणि पुढे ती हिटलरच्या एसएस दलाकडे वर्ग झाली. सुभाषबाबूंच्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात; परंतु त्यांना बर्लिनमध्ये जे मिळाले, त्यात मैत्रीचा अंश फारसा नव्हता.

‘आर्य’ शब्दाचा प्रवास

तिसरी समजूत सर्वांत खोल रुजलेली आहे. १७८६मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे, असे प्रतिपादन केले. हा भाषांच्या नात्याचा शोध होता. एकोणिसाव्या शतकात युरोपीय लेखकांनी त्यातून ‘आर्य वंश’ निर्माण केला. भाषेवरून वंश ठरवता येत नाही, असे मॅक्सम्युलर यांनीच पुढे बजावले. पण तोवर तो शब्द हाताबाहेर गेला होता. महाराष्ट्रातही त्यावर बराच खल झाला. लोकमान्य टिळकांनी १९०३मध्ये आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचा सिद्धान्त मांडला, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६मध्ये शूद्रांच्या उगमावरील ग्रंथात वेदांचाच आधार घेऊन आर्य वंशाची कल्पना खोडून काढली.

नाझींच्या वर्तुळात भारतीयांना जागा होती का, याचे उत्तर युरोपातील रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटले जाते, त्या लोकांच्या नशिबात सापडते. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांची रोमानी भाषा मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातली आहे. तिच्यात पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नख’ आणि कानाला ‘कन’ म्हणतात. भाषा हीच कसोटी असती, तर युरोपात रोमांइतके ‘आर्य’ क्वचितच कोणी ठरले असते. ही अडचण नाझींच्या वंशतज्ज्ञांनाही जाणवली. त्यावर रॉबर्ट रिट्टर याने तोड काढली. हे लोक मुळात आर्य असले, तरी वाटेत हीन रक्ताची भेसळ होऊन बिघडलेले आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला. त्यानंतर त्यांची नोंदणी, नसबंदी आणि छळछावण्यांत रवानगी झाली. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री आऊश्वित्झमधील रोमांची छावणी रिकामी करण्यात आली आणि स्त्रिया-मुलांसह ४,०००हून अधिक जणांना विषारी वायूने मारण्यात आले. नाझींनी व त्यांच्या साथीदारांनी मारलेल्या रोमांची संख्या इतिहासकार दोन ते पाच लाखांच्या दरम्यान मानतात. साठ लाख ज्यूंच्या हत्याकांडाबरोबर हेही घडले.

शिस्तीची किंमत

राहिला प्रश्न वैभवाचा. १९३३च्या प्रारंभी जर्मनीत सुमारे साठ लाख बेकार होते आणि पुढे ती संख्या झपाट्याने घटली, हे खरे. परंतु त्यात आधीच्या सरकारांनी आखलेली कामे, सक्तीची लष्करभरती, ज्यू व स्त्रियांना नोकऱ्यांतून दूर सारणे आणि प्रचंड कर्जावर चाललेली शस्त्रनिर्मिती यांचा मोठा वाटा होता. ज्या महामार्गांचे श्रेय हिटलरला दिले जाते, त्यांपैकी कोलोन ते बॉन हा रस्ता त्याच्या सत्ताग्रहणापूर्वी, १९३२मध्येच सुरू झाला होता. बारा वर्षांच्या ‘शिस्ती’नंतर जर्मनीची शहरे ढिगाऱ्यात गेली आणि देश १९९०पर्यंत दुभंगलेला राहिला.

‘हिटलरमुळे ब्रिटन खिळखिळे झाले आणि भारत स्वतंत्र झाला’ असाही युक्तिवाद होतो. युद्धाने ब्रिटन दुबळे झाले, यात शंका नाही. पण त्या युद्धाची किंमत भारतानेही मोजली. युद्धकाळातील धोरणांनी अधिकच भीषण झालेल्या १९४३च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावली. सुमारे पंचवीस लाख भारतीय सैनिक या युद्धात उतरले. मराठा रेजिमेंटचे यशवंत घाडगे जुलै १९४४मध्ये इटलीत जर्मन सैन्याशी एकहाती झुंजत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातील या जवानाचा पुतळा माणगावात उभा आहे. त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली शतकानुशतके मराठी बोलत, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिले. ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच समाजातले डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८मध्ये मुंबईचे महापौर होते. त्या वेळी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क कायद्याने काढून घेतलेले होते.

परक्या हुकूमशहाचे कौतुक करणारा माणूस मनातल्या मनात स्वतःला नेहमी हुकूम देणाऱ्यांच्या रांगेत उभा करतो. कुंपणापलीकडच्या गर्दीत आपणही असू, असे त्याला वाटत नाही. रंग, नाक आणि चेहरेपट्टी यांवरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय त्याच्या मुळाशी असते आणि ती केवळ जर्मनीची नव्हती. २०१४मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा ईशान्येकडील नागरिकांना सोसाव्या लागणाऱ्या वर्णद्वेषाची दखल घेण्यासाठी केंद्राला बेझबरुआ समिती नेमावी लागली. गोऱ्या वधूच्या जाहिराती आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना घर नाकारणे ही त्याच मोजपट्टीची नेहमीची रूपे आहेत. मोजपट्टी एकदा मान्य केली, की ती कोणाच्या हाती जाईल, हे मान्य करणाऱ्याच्या हाती राहत नाही. रोमांच्या बाबतीत ती ज्यांच्या हाती होती, त्यांना ‘पानी’ आणि ‘पाणी’ यांतले साम्य पुरेसे वाटले नाही.