गारगोटी कुठे शोधाल?

सुट्टी लागली की मुलांना कशात गुंतवायचे, हा प्रश्न घरोघरी पडतो. दगड जमवण्याचा छंद लावून पाहा. खर्च थोडा आणि आपला भाग त्याला अनुकूल. निपाणी-चिकोडीकडे काळा पाषाण, गोकाकच्या धबधब्याचा कडा प्राचीन वाळूपासून घडलेला, तर इलकलला तिथल्या लुगड्याइतकाच नामांकित तांबडा ग्रॅनाइट!

यांपैकी काळ्या पाषाणाच्या पोटात खरी गंमत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून गारगोटी, अकीक, स्टिल्बाइट, अपोफिलाइट तयार झाले. १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेसाठी बोरघाट फोडला, तेव्हा असेच देखणे नमुने निघाले. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहांत पोहोचले आहे. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आधी पाहिले तर नजर तयार होते.

शोध घ्यावा तो नव्या विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगात. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर भीमा-कृष्णेच्या पात्रात अकीकाचे गोटे मिळतात. शेत असो वा खाण, मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. चालू खाणीत सुरुंगाची वेळ विचारावी आणि उभ्या कड्याखाली थांबू नये. पाणी साठलेल्या जुन्या खाणीकडे मुलांना नेऊच नये. मलपेजवळचे सेंट मेरी बेट राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथला खडाही उचलू नये.

ओळख घरीच पटवता येते. गारगोटी काचेवर ओरखडा काढते. तिच्यासारखाच दिसणारा कॅल्साइट मात्र चाकूने ओरखडतो आणि त्याच्या भुकटीवर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिठ्ठी. गाव, नेमकी जागा, तारीख त्याच दिवशी लिहावी. नाव दोन्ही भाषांत असावे. गारगोटीला कन्नडमध्ये बेणचुकल्लु म्हणतात, बाकीची नावे आजी-आजोबांना विचारावीत. विहिरी बांधून काढल्या जातात, खाणीतल्या दगडाची क्रशरमध्ये खडी होते. त्या जमिनीत काय होते, हे मग मुलाच्या डब्यातला चिठ्ठी लावलेला खडाच सांगू शकेल. चिठ्ठी हरवली, तर उरेल नुसता शोभेचा दगड.